खराखुरा आयर्नमॅन

आपल्या हॉस्टेलवर सध्या ट्रायथलॉनची साथ आली आहे. थर्ड इयर मेकॅनिकलचे चार-पाच जण पहाटे पाचला उठून तलावावर जातात, तिथून सायकली दामटत परत येतात आणि सायकल भिंतीला टेकवली न टेकवली की लगेच ग्राउंडवर पळायला लागतात. (सायकलवरून उतरल्या उतरल्या पळायचं, याला म्हणे 'ब्रिक' म्हणतात. पाय विटेसारखे होतात म्हणून असेल!) त्यांचं स्वप्न आहे आयर्नमॅन. ३.८ किलोमीटर उघड्या पाण्यात पोहायचं, मग १८० किलोमीटर सायकल आणि त्यावर ४२.२ किलोमीटरची पूर्ण मॅरेथॉन. मधे झोप नाही, मेसचा चहा नाही. १९७८ साली हवाई बेटांवर हा प्रकार सुरू झाला, आणि २०१९ साली याच्या निम्म्या अंतराची स्पर्धा आपल्या शेजारी गोव्यात मिरामारच्या किनाऱ्यावर पहिल्यांदा झाली.

आम्ही पडलो मानवतचे, परभणी जिल्हा. समुद्र आम्ही बघतो तो सहलीला. पोहायला शिकायचं ते विहिरीत, पाठीला पत्र्याचा डबा बांधून. त्यामुळे पाण्यापेक्षा माझा जीव पळण्यात जास्त. तेव्हा मॅगझिनसाठी लेख मागितला गेला तेव्हा मी शोधायला लागले की आपल्या मातीतून लांब पल्ल्याचे धावपटू सगळ्यात आधी ऑलिम्पिकला कोण गेले आणि त्यांना पाठवलं कोणी. उत्तर सापडलं ते एका उद्योगपतीपाशी. सर दोराबजी टाटा. आपण त्यांना ओळखतो ते 'जमशेदजींचा मुलगा' म्हणून, किंवा टी.आय.एफ.आर.चा फॉर्म भरताना खाली बारीक अक्षरात लिहिलेल्या ट्रस्टच्या नावावरून. पण हा माणूस स्वतः खेळाडू होता, आणि त्याचं सगळं आयुष्य वाचताना मला वाटत राहिलं की अरे, ही तर ट्रायथलॉनच आहे! वडील गेले तेव्हा तीन कामं अर्धवट होती: लोखंडाचा कारखाना, पाण्यावरची वीज आणि विज्ञानाची संस्था. एक संपायच्या आत दुसरं सुरू करावं लागलं, आणि श्वास घ्यायला वेळ कोणी दिला नाही.

दोराबजींचा जन्म २७ ऑगस्ट १८५९ चा, मुंबईचा. मुंबईच्या प्रोप्रायटरी हायस्कूलमध्ये शिकले. १८७५ साली वडिलांनी त्यांना इंग्लंडला पाठवलं, केंटमध्ये एका शिक्षकाकडे. तिथून १८७७ ला केंब्रिजच्या गॉनव्हिल अँड कीज कॉलेजात. दोन वर्षं तिथं काढली आणि या दोन वर्षांत पुस्तकांपेक्षा मैदानावर नाव जास्त मिळवलं. क्रिकेट, फुटबॉल! त्या काळी आपल्याकडे सधन घरातल्या मुलानं घामाघूम होणं म्हणजे वाया जाणं, आणि तिथं लॉर्डांची पोरं चिखलात लोळतायत. हा फरक त्यांच्या डोक्यात पक्का बसला असणार, कारण पुढची पन्नास वर्षं ते मुंबईच्या शाळा-कॉलेजांमध्ये मैदानी खेळ यावेत म्हणून धडपडत राहिले.

१८७९ ला परत आले, सेंट झेवियर्समधून १८८२ ला बी.ए. झाले. मग कारखान्यात? नाही. दोन वर्षं 'बॉम्बे गॅझेट' या वर्तमानपत्रात चक्क बातमीदारी केली. इतक्या मोठ्या घरचा मुलगा बातम्या गोळा करत फिरतोय हे मला फार आवडलं. १८८४ साली वडिलांच्या कापूस-विभागात कामाला लागले. पाँडेचरीला गिरणी काढता येईल का ते बघायला गेले, नंतर नागपूरच्या एम्प्रेस मिलमध्ये. कापसाचं काम म्हणजे काय ते आम्हा मानवतकरांना सांगायला नको. मार्केट यार्डाबाहेर लागलेली गाड्यांची रांग, नाकातोंडात जाणारी रुई, जिनिंगचा आवाज, आणि भाव फुटायच्या आधी सगळ्यांच्या चेहऱ्यावरची ती शांतता. दोराबजींच्या वेळी आमचा भाग निजामाच्या राज्यात होता, नागपूर इंग्रजांकडे, पण काळी माती आणि पांढरं सोनं सरहद्द मानत नाही.

लग्न केलं वयाच्या ३८ व्या वर्षी! (आपल्या घरी हे सांगून बघा.) वडील म्हैसूरला कामाला गेले असताना डॉ. होरमसजी भाभा यांच्या घरी जाऊन आले होते. भाभा म्हैसूर संस्थानात शिक्षणखात्याचे मोठे अधिकारी. त्यांची मुलगी मेहेरबाई जमशेदजींच्या मनात भरली आणि मुलाला त्यांनी काहीतरी निमित्त काढून म्हैसूरला धाडलं. काम फत्ते! मेहेरबाई साडी नेसून टेनिस खेळायच्या आणि बक्षिसं आणायच्या. त्यांच्या भावाचा मुलगा म्हणजे होमी भाभा. म्हणजे आपल्या अणुशास्त्राच्या भाभांच्या आत्याचे यजमान ते दोराबजी. दोघांना मूलबाळ झालं नाही.

आता पहिला टप्पा, लोखंड. याची गोष्ट थोडी सावकाश सांगते, कारण टेक्स्टबुकात तारखेशिवाय काही नसतं.

जमशेदजींनी १८८२ साली एका जर्मन तज्ज्ञाचा अहवाल वाचला होता. आपल्या चांदा जिल्ह्यात, म्हणजे आताच्या चंद्रपूरकडे, लोहाऱ्याला चांगलं लोहखनिज आहे असं त्यात होतं. जवळ वरोऱ्याला कोळसा. दोन्ही जवळजवळ, मग काय पाहिजे? पण कोळसा जर्मनीत तपासला तर तो भट्टीसाठी उपयोगाचा निघाला नाही, आणि सरकारी नियमही आडवे आले. वीस वर्षं विषय तसाच राहिला. नवीन शतक लागल्यावर नियम सैल झाले, अमेरिकेतून वेल्ड नावाचे भूगर्भतज्ज्ञ आले, आणि दोराबजी त्यांच्याबरोबर व आपले आतेभाऊ शापुरजी सकलातवाला यांच्याबरोबर चांद्याच्या जंगलात शिरले. बैलगाडीचा प्रवास, विदर्भातला उन्हाळा. पिण्याच्या पाण्याची इतकी मारामार की सोडावॉटरमध्ये चहा करायची वेळ आली असं सांगतात. केंब्रिजचं क्रिकेट इथं कामी आलं असेल, बुद्धी नाही. शरीराला त्रासाची सवय लागते ती मैदानावरच.

आणि इतकं करून निष्कर्ष काय? लोखंड आहे, पण कारखाना चालेल इतकं एका जागी नाही. प्रोजेक्ट फेल. दोराबजी नागपूरला सरकारी अधिकाऱ्याला तेवढं कळवायला गेले. साहेब जागेवर नव्हते. वेळ घालवायला ते समोरच्या म्युझियममध्ये शिरले आणि तिथं भिंतीवर मध्य प्रांताचा भूगर्भीय नकाशा दिसला. दुर्ग जिल्ह्यावर लोखंडाचा गडद रंग! तिथून सगळे गेले ढल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांवर. डोंगर म्हणजे नुसतं लोखंडच, पायाखाली वाजायचं. तिथंही कोळसा आणि पाणी जवळ नाही म्हणून काम पुढं सरकलं नाही, पण धीर परत आला. (पुढं १९५० च्या दशकात भिलाईचा कारखाना याच डोंगरांच्या जिवावर उभा राहिला.) तो नकाशा ज्यांनी केला ते प्रमथनाथ बोस. त्यांनीच फेब्रुवारी १९०४ मध्ये पत्र लिहून मयूरभंज संस्थानातल्या लोखंडाची खबर दिली. तीन महिन्यांनी, १९ मे १९०४ ला, जमशेदजी जर्मनीत वारले. शर्यत सुरू होऊन जेमतेम पाणी अंगाला लागलं होतं आणि सगळा भार ४४ वर्षांच्या दोराबजींवर आला.

लंडनच्या सावकारांनी पैसा दिला नाही. १९०७ चा ऑगस्ट, स्वदेशीची हवा होती. टाटांनी मुंबईतच शेअर विकायला काढले आणि तीन आठवड्यांत सुमारे आठ हजार लोकांनी मिळून भांडवल उभं केलं. त्यात संस्थानिकही होते आणि चाळीत राहणारे साधे लोकही. रेल्वेच्या एका बड्या इंग्रज अधिकाऱ्यानं टाटांनी रूळ बनवले तर ते आपण खाऊन दाखवू अशी पैज मारली होती. १६ फेब्रुवारी १९१२ ला साकचीला पोलाद बाहेर पडलं, आणि पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात दीड हजार मैल रूळ याच कारखान्यानं पुरवले. साहेबांनी शब्द पाळला असता तर अपचन झालं असतं अशी कोटी दोराबजींनी नंतर केली म्हणतात. १९१९ साली साकचीचं नाव जमशेदपूर झालं. मुलानं वडिलांच्या नावाचं गाव उभं केलं, स्वतःच्या नावाचा बोर्ड कुठं लावला नाही.

दुसरा टप्पा पाण्याचा. हा आपल्या घरचाच. सह्याद्रीच्या माथ्यावर तुफान पाऊस पडतो आणि खाली सरळ कडा. लोणावळा, वळवण आणि शिरवटा इथं पाणी अडवायचं, नळातून खोपोलीला सोडायचं. उंची साधारण ५०० मीटर! आपण फ्लुइड मशिनरीच्या लॅबमध्ये ते छोटं पेल्टन व्हील फिरवून रीडिंग घेतो ना (घेतो की मागच्या बॅचचं उतरवतो, ते राहू द्या), तेच पेल्टन व्हील तिथं खऱ्या मापाचं. १९१० मध्ये कंपनी, १९११ ला वळवणला पायाभरणी आणि १९१५ साली मुंबईच्या गिरण्यांना वीज. गिरण्यांच्या धुराड्यांवर जगणाऱ्या मुंबईला ही वीज म्हणजे चमत्कारच वाटला असेल. तिसरा टप्पा बंगलोरच्या विज्ञानसंस्थेचा. म्हैसूर सरकारनं जमीन दिली, १९०९ ला संस्था कागदावर आली, १९११ ला पहिले विद्यार्थी आले. वडिलांची तिन्ही कामं मार्गी लागली. १९१० मध्ये सरकारनं त्यांना 'सर' केलं.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. वय झालं होतं साठ.

पुण्यात डेक्कन जिमखाना १९०६ पासून होता. १९१९ च्या सुमारास दोराबजी त्याचे अध्यक्ष झाले आणि तिथल्या मैदानी शर्यतींना हजर राहिले. आता डोळ्यांसमोर आणा. धावणारी पोरं म्हणजे आसपासच्या खेड्यातली, शेतावर राबणारी. खाणं भाकरी-चटणी. पायात काही नाही. शर्यतीचे नियम संयोजकांनाच पुरते माहीत नव्हते. १०० यार्डांची शर्यत सरळ रेषेत लावायची असते हेसुद्धा नाही. ती वळणावरून पळवायचा बेत होता! दोराबजींनी ते पाहिलं, आणि त्यांचं लक्ष गेलं ते घड्याळाकडे. लांब पल्ल्याच्या शर्यतीत या अनवाणी पोरांच्या वेळा युरोपातल्या तयारीच्या खेळाडूंच्या फार मागं नव्हत्या.

इथं मला माझी शाळा आठवते. कॉन्व्हेंटमध्ये स्पोर्ट्स डेच्या आदल्या रात्री आम्ही कॅनव्हासचे बूट पांढऱ्या खडूनं रंगवायचो. तालुक्याच्या स्पर्धेत जिल्हा परिषदेच्या शाळेतली पोरं अनवाणी यायची आणि आठशे मीटरमध्ये आमचे पांढरे बूट त्यांच्या टाचांमागून जायचे. बघणारे सगळे टाळ्या वाजवायचे आणि घरी जायचे. पुढं त्या पोरांचं काय झालं हे कोणी विचारलं नाही. दोराबजींनी विचारलं. फरक एवढाच, पण तो केवढा!

शर्यती बघायला मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड आले होते. दोराबजींनी त्यांच्यापाशी विषय काढला की १९२० साली बेल्जियममध्ये अँटवर्पला ऑलिम्पिक आहे, यातले काही जण पाठवूया. देश म्हणून आपण त्या संघटनेतही नव्हतो. लंडनमार्फत ते जमवलं. १९२० मध्ये पुन्हा शर्यती घेऊन निवड झाली. पदरचे पैसे घातले, सरकारकडून आणि लोकांकडून थोडे मिळवले. संघात चार धावपटू आणि दोन मल्ल: पूर्मा बॅनर्जी, फडेप्पा चौगुले, सदाशिव दातार, कैकाडी, आणि कुस्तीत कुमार नवले व शिंदे. नावं वाचा म्हणजे कळेल की बॅनर्जी सोडले तर जवळजवळ सगळा संघ आपल्याच मुलखातला. फडेप्पा चौगुले बेळगावचे.

बोटीचा लांबचा प्रवास, मग इंग्लंडमध्ये काही आठवडे सराव. ट्रायथलॉनवाले आमचे मित्र सांगतात की मोठ्या स्पर्धेची तयारी किमान सहा महिन्यांची. आधी पाया म्हणून हळू आणि लांब पळायचं, दर आठवड्याला अंतर थोडं थोडं वाढवायचं, मधे एक आठवडा कमी करायचं, शर्यतीच्या आधी दोन-तीन आठवडे तर मुद्दाम हात आखडता घ्यायचा. पोटालाही शिकवावं लागतं, पळता पळता काय आणि किती खायचं ते. समुद्रात पोहायचं असेल तर त्या थंड पाण्यात आधी बऱ्याच वेळा उतरावं लागतं, स्विमिंग पूलमध्ये कितीही फेऱ्या मारा. या सगळ्याच्या पुढं चौगुले-दातारांची तयारी ठेवून बघा. त्यांचा पाया होता शेतातला, म्हणजे भक्कम. पण बोटीवर कित्येक दिवस पळायला जागा कुठली, हवा परकी, आणि नियम समजून घ्यायला मिळालेले थोडेसे आठवडे.

२२ ऑगस्ट १९२० ची मॅरेथॉन. थंडी आणि पाऊस. अंतर ४२.७५ किलोमीटर, आजच्या मॅरेथॉनपेक्षा अर्ध्या किलोमीटरनं जास्त; ऑलिम्पिकच्या इतिहासात इतकी लांब मॅरेथॉन दुसरी नाही. आमच्या भागातल्यांसाठी सांगायचं तर पाथरीहून निघून मानवतवरून परभणी गाठायची, साधारण तेवढं. फिनलंडचा हान्नेस कोलेहमाइनेन जिंकला, २ तास ३२ मिनिटं ३५.८ सेकंद. हा काही साधा गडी नव्हे. १९१२ च्या स्टॉकहोम ऑलिम्पिकमध्ये लांब पल्ल्याची तीन सुवर्णपदकं घेतलेला, मधली वर्षं अमेरिकेत शर्यतींवर शर्यती पळालेला. दुसरा आला तो एस्टोनियाचा लॉसमन, जेमतेम १३ सेकंद मागं. आणि १९ वा आला फडेप्पा चौगुले, २ तास ५० मिनिटं ४५.४ सेकंद.

मी कॅल्क्युलेटर काढला. चौगुलेंचा वेग पडतो किलोमीटरला चार मिनिटं. ताशी १५ किलोमीटर, पावणेतीन तासांच्या वर, न थांबता. आपल्यातल्या कोणीही उद्या सकाळी ग्राउंडवर जाऊन फक्त एक किलोमीटर चार मिनिटांत पळून बघा, मग मला मेसमध्ये भेटा. कोलेहमाइनेनचा वेग किलोमीटरला ३ मिनिटं ३४ सेकंद. म्हणजे किलोमीटरमागे २६ सेकंदांचा फरक. माझ्या मते हे २६ सेकंद पायातले नव्हते. पायाला जे मिळालं नाही त्याचे होते: वर्षानुवर्षांच्या शर्यती, चांगलं अन्न, प्रशिक्षक. दातार मात्र शर्यत पूर्ण करू शकले नाहीत. कुस्तीत शिंदे चौथे आले, पदक एका कुस्तीनं गेलं. त्या काळी याची आपल्याकडे किती चर्चा झाली असेल? पदक नाही म्हटल्यावर आजही होत नाही.

दोराबजी त्याच वर्षी आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीचे सभासद झाले. १९२४ ला पॅरिसला पुन्हा संघ गेला, आणि १९२७ साली भारतीय ऑलिम्पिक संघटना स्थापन झाली तिचे पहिले अध्यक्ष तेच. १९२० मध्येच त्यांनी केंब्रिजच्या इंजिनिअरिंग विभागाला प्रयोगशाळांसाठी २५ हजार पौंड दिले. एका हातानं अनवाणी धावपटू, दुसऱ्या हातानं केंब्रिजची लॅब!

आता इथपर्यंत वाचून तुम्ही म्हणाल, काय देवमाणूस. थांबा. हे लिहिल्याशिवाय मला पुढं जाता येणार नाही.

खोपोलीची वीज पुरेना म्हणून टाटांनी मुळशीला धरण घ्यायचं ठरवलं. मुळा आणि नीला नद्यांचं खोरं, पन्नासच्या वर गावं, भाताची खाचरं. हेच पुण्याच्या आसपासचे मावळे शेतकरी. जमीन रीतसर ताब्यात यायच्या आधीच काम सुरू झालं. १६ एप्रिल १९२१, रामनवमीच्या दिवशी, शेतकऱ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पुढारी पांडुरंग महादेव बापट. हे बापट कोण? स्कॉलरशिपवर एडिंबरोला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकायला गेलेले! म्हणजे एका बाजूला इंजिनिअरिंगचा सगळ्यात मोठा आश्रयदाता आणि दुसऱ्या बाजूला इंजिनिअरिंगचाच विद्यार्थी. 'सेनापती' ही पदवी बापटांना याच लढ्यानं दिली. तीन वर्षं लढा चालला, बापट पुन्हा पुन्हा तुरुंगात गेले. जमिनी आधीच पुण्याच्या सावकारांकडे गहाण पडलेल्या होत्या, त्यामुळे भरपाईचा मोठा भाग कसणाऱ्याच्या हाती पोचलाच नाही. धरण झालं, गावं पाण्याखाली गेली, १९२७ ला भिऱ्याचं वीजघर सुरू झालं.

जिमखान्यावर शेतकऱ्याच्या पोराचे पाय बघून ज्यांना ऑलिम्पिक सुचलं, त्यांच्याच कंपनीनं दोन वर्षांत तशाच पोरांच्या पायाखालची जमीन घेतली. यावर आमच्या रूममध्ये रात्री दोनपर्यंत भांडण झालं. सिव्हिलवाली म्हणे, वीज नको का, धरण कुठंतरी होणारच. दुसरी म्हणे, मग ते नेहमी गरिबाच्याच शेतात का? मला वाटतं की दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या आहेत आणि एकीनं दुसरी पुसली जात नाही. आपण उद्या साइटवर इंजिनिअर म्हणून जाऊ तेव्हा नकाशावर निळा रंग भरताना खाली कुणाचं खाचर आहे हे बघणारा आपल्यात कोणी असेल का, एवढंच मी रूममेटला विचारलं. ती झोपली होती.

असो. लढा संपत होता त्याच सुमारास जमशेदपूर संकटात आलं. महायुद्धानंतर कारखाना वाढवायला काढला, सगळ्याच्या किमती चढल्या, आणि बाहेरचं स्वस्त पोलाद येऊन पडलं. १९२० आणि १९२२ मध्ये कामगारांचे संपही झाले होते. १९२४ साली अशी वेळ आली की पगाराला पैसे नाहीत. दोराबजींनी आपली सगळी खाजगी मालमत्ता, सुमारे एक कोटी रुपयांची, इम्पीरियल बँकेत गहाण टाकली. त्यात मेहेरबाईंचे दागिने, आणि त्यांचा तो प्रसिद्ध ज्युबिली हिरा, २४५ कॅरटचा, कोहिनूरच्या दुपटीहून मोठा. बँकेनं कर्ज दिलं, पगार झाले, कारखाना तरला. नंतर तो इतका सावरला की आज त्याच्याशिवाय देशाच्या पोलादाचा विचार होत नाही. वय त्यांचं तेव्हा ६५. लांब शर्यतीत तिसाव्या किलोमीटरनंतर म्हणे भिंत लागते, अंगातलं साठवलेलं सगळं संपतं. ज्युबिली हिऱ्याची गोष्ट वाचली की मला ती भिंत आठवते.

मेहेरबाईंना रक्ताचा कर्करोग झाला. १८ जून १९३१ ला वेल्समधल्या एका शुश्रूषागृहात त्या वारल्या. दोराबजींनी त्यांच्या नावानं ल्युकेमियाच्या संशोधनासाठी ट्रस्ट काढला. मग ११ मार्च १९३२ ला आपली उरलेली सगळी मालमत्ता, जमिनी, शेअर, जडजवाहीर, अगदी मोत्याच्या टायपिनेसकट, दुसऱ्या ट्रस्टच्या नावावर केली. जात-धर्म-देश अशी कुठली अट घातली नाही. एप्रिलमध्ये युरोपला निघाले. इंग्लंडला जाऊन पत्नीच्या कबरीला भेट द्यायची होती. वाटेत जर्मनीत बाड किसिंगेन इथं ३ जून १९३२ ला त्यांचं निधन झालं. वडीलही जर्मनीतच गेले होते. लंडनजवळ ब्रुकवुडच्या दफनभूमीत मेहेरबाईंच्या शेजारी त्यांना ठेवलं आहे.

ज्युबिली हिरा नंतर विकला गेला आणि पैसे ट्रस्टमध्ये आले. त्या ट्रस्टमधून १९३६ मध्ये समाजशास्त्राची ती संस्था निघाली जिला आपण टिस म्हणतो, १९४१ ला परळचं टाटा कॅन्सर हॉस्पिटल आणि १९४५ ला मेहेरबाईंच्या भाच्याची टी.आय.एफ.आर. परळच्या त्या हॉस्पिटलबाहेरच्या फुटपाथवर आजही आमच्या परभणीकडची माणसं गाठोडं घेऊन बसलेली दिसतात. नंदीग्राम एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून आलेली. खोपोली आणि भिऱ्याची वीजघरं अजून चालू आहेत, आणि मुळशीच्या पाण्याखाली ती गावं अजून तशीच आहेत.